कर्जावरील यशशुल्करावांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री यशशुल्कराव, मुक्काम कर्जकरारातील शेवटून दुसरे कलम, राजाजीनगर, बंगळूर, यांसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

रावसाहेबांचा परिचय व्यापारी मंडळींना सक्सेस फी या नावाने आहे. नव्या कंपनीला कर्ज देणारी संस्था व्याज आणि प्रक्रिया शुल्क घेतेच, शिवाय करारात असे लिहून घेते की पुढे कंपनी विकली गेली किंवा तिचे शेअर बाजारात नोंदले गेले, तर ठरलेली ठोक रक्कम वेगळी द्यावी. तसे काही घडले नाही, तर एक रुपयाही देणे नाही. यावरून रावसाहेबांनी असा सिद्धान्त मांडला आहे की ते अद्याप जन्मलेलेच नाहीत, सबब ताळेबंदात त्यांची गणती करू नये आणि फार तर टिपांमध्ये आकस्मिक देयता, म्हणजे भावी घटनेवर अवलंबून असलेले देणे, या मथळ्याखाली बारीक अक्षरात कोपरा द्यावा.

हा विनय वाखाणण्याजोगा असला, तरी रावसाहेब या भागात कसे आले हे विसरता येत नाही. डॉ. राजकुमार रस्त्यावर आज जेथे ओरायन मॉल उभा आहे, तेथे १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. कारखानदारीच्या त्या काळात सावकारापुढे गहाण ठेवायला यंत्रे, इमारत आणि जमीन असे, आणि आजच्या संगणकी कंपनीकडे बहुधा भाड्याची खोली व पगारपत्रक एवढेच असते. तारण नाही म्हणून सावकार व्याजाच्या जोडीला यशातला वाटा मागतो, आणि तो वाटा कबूल केल्यामुळेच व्याजाचा दर थोडा उतरतो. म्हणजे रावसाहेबांची किंमत कंपनीने कर्ज घेतले त्याच दिवशी वसूल केलेली असते, आणि जन्म न झाल्याची सबब तेथेच संपते.

इंड एएस १०९ या लेखामानकानुसार ज्याचे मूल्य दुसऱ्या एखाद्या चलाप्रमाणे बदलते, ज्यात सुरुवातीला फारसा पैसा घालावा लागत नाही आणि ज्याची फेड पुढच्या तारखेस होते, तो करार डेरिव्हेटिव्ह होय. असा करार कर्जाच्या पोटात दडलेला असून त्याची जोखीम कर्जाच्या जोखमीशी निकट निगडित नसेल, तर तो वेगळा काढून रास्त मूल्याने, म्हणजे ते देणे त्या दिवशी दुसऱ्याच्या अंगावर घालण्यास जी रक्कम मोजावी लागेल तिने, दाखवावा लागतो. समजा, दहा कोटींच्या कर्जावर शुल्क ५० लाख, तीन वर्षांनी विक्री होण्याची शक्यता ४० टक्के आणि वटणावळीचा दर १२ टक्के आहे. तर पहिल्याच दिवशी रावसाहेबांच्या नावे सुमारे १४.२४ लाखांचे देणे उभे राहते, कर्जाची नोंद तेवढ्याने कमी होते आणि तो फरक मुदतभर व्याजखर्च म्हणून चढत जातो. वर्षाने शक्यता ७० टक्क्यांवर गेली की देणे २७.९० लाख होते आणि साडेतेरा लाखांहून अधिक तोटा नफा-तोटा पत्रकात बसतो. कंपनीला बरे दिवस येऊ लागले म्हणून तोटा, आणि कोणीच विकत घ्यायला आले नाही तर देणे पुसले जाऊन नफा, ही किमया रावसाहेबांशिवाय कोणाला साधली असती? बाजारात तुरी असतानाच मांडलेल्या या हिशेबातला ४० किंवा ७० हा आकडा बहुधा कंपनीचे व्यवस्थापनच सुचवते, हेही येथे नमूद करणे उचित होय.

रावसाहेबांच्या वकिलांकडे एक पळवाट मात्र खरी आहे. चल बिगर-वित्तीय असून करारातील एका पक्षापुरते असेल, तर त्यावरचा करार डेरिव्हेटिव्ह ठरत नाही असे हेच मानक म्हणते, आणि कंपनीची विक्री ही तिची घरचीच बाब होय, असा युक्तिवाद करता येतो. अमेरिकी मानकांच्या मूळ व्याख्येत ही सवलत नसल्याने तिकडे रावसाहेब अधिक सहज पकडले जातात. तथापि शुल्काची रक्कम शेअरच्या मूल्याशी बांधलेली असेल, तर ही वाट बंद होते. वाट मोकळी असली तरी अपेक्षित शुल्क कर्जाच्या भावी देण्यांच्या अंदाजात धरावेच लागते आणि अंदाज बदलला की फरक नफा-तोट्यात जातो, त्यामुळे नाव बदलून फारसे काही साधत नाही.

खरा आसरा वेगळाच आहे. शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या आणि २५० कोटींहून कमी नक्त मूल्याच्या बहुतेक कंपन्यांना इंड एएस लागू नाही. त्या जुन्या मानकांखाली राहतात, आणि तेथे एएस २९ च्या आडोशाने रावसाहेबांना टिपांमध्ये सुखाने झोपता येते. परंतु कंपनी शेअर बाजाराच्या मुख्य मंचाकडे निघाली की मागील तीन वर्षांचे हिशेब इंड एएसप्रमाणे पुन्हा मांडावे लागतात, म्हणजे ज्या घटनेने रावसाहेबांचे पैसे देय होणार, तिच्याच तयारीत त्यांचे पांघरूण ओढले जाते.

तेव्हा रावसाहेबांनी शक्यतेचा आकडा कोणी व कशावरून ठरवला, याचा सहीचा कागद ३१ मार्चपूर्वी लेखापरीक्षकांकडे पोहोचता करावा. बहुत काय लिहिणे, लोभ असावा.