दोरा, पट्टी आणि सिरोंचा

कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगण्यात गडचिरोलीत माझा हात धरणारा कोणी नाही. गडचिरोलीला विमानतळच नसल्यामुळे या विद्येत मला स्पर्धा अशी नाहीच. पृथ्वीगोलावर बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा ताणायचा, पृथ्वीचा घेर 40 हजार किलोमीटर धरून त्रैराशिक मांडायचं, ताशी नऊशेने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा.

भाचा सॅन फ्रान्सिस्कोहून दिल्लीमार्गे येणार म्हटल्यावर चहाच्या टपरीवर माझी व्याख्यानमालाच सुरू झाली. सरळ दोरा ध्रुवाच्या अंगाने जातो, सुमारे 12,400 किलोमीटर. पण 2016च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून वळवलं. अंतर झालं 15,300च्या घरात, तरी ते आधीपेक्षा लवकर पोचू लागलं. कारण तितक्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वाहतो आणि विमानाला मागून रेटतो. "लांबचा रस्ता लवकर पोचवतो," हे मी टेबलावर हात आपटून सांगितलं. ऐकणाऱ्यांत आमचा गाडीवालाही होता.

भाचा आला. आई सिरोंच्याला असते. तिला भेटायला निघालो. ऑगस्टचा पाऊस.

"भाऊ, चंद्रपूर, राजुरा, आसिफाबाद, मंचेरियाल करत चेन्नूरवरून जाऊ," गाडीवाला म्हणाला. "लांब पडते जी, पण लवकर पोचते."

आपल्याच जिल्ह्यातल्या तालुक्याला तेलंगणातून जायचं? मी भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावली. हवाई अंतर जेमतेम दीडशे, चामोर्शी-आष्टी-आलापल्लीवरून रस्त्याने दोनशे दहाच्या आसपास. चार तासांत जेवायला घरी, असं मी आईला फोनवर ठणकावून सांगितलं.

आलापल्लीपर्यंत माझं गणित टिकलं. पुढे दोन्ही बाजूंना साग, मध्ये लाल चिखल, आणि त्या चिखलात एक ट्रक असा आडवा बसलेला की ड्रायव्हरने खाली उतरून स्टोव्ह पेटवला होता. तो कांदा चिरू लागला तेव्हा माझा धीर सुटला. ट्रक निघाला, तर पुढे नाल्यावरून पाणी. भाचा मोबाइलवर वेग बघत होता.

"मामा, ताशी सहा. आता भागा."

"इथे वारा कोणीकडून हाय जी?" गाडीवाल्याने अगदी निरागसपणे विचारलं.

मी काच वर केली.

दिल्ली-नागपूर विमानाला दीड तास लागला होता. तेवढ्या वेळात आम्ही एक नाला पार केला, तोही ट्रॅक्टरने ओढल्यावर. सिरोंच्यात शिरलो तेव्हा गाव झोपलं होतं. आई कंदील घेऊन दारात उभी.

"चेन्नूरवरून आले ना रे?"

भाच्याने तोंड उघडायच्या आत मी विचारलं, "आई, भाजी कोणती केली?"