लांडगा राइट टाइम

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं लग्नात वाढपी होतात, फार तर पुण्याला जाऊन पार्सलं वाटतात. आमचा भाचा लांडगे दाखवतो. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. वनखात्याने शिर्सुफळ आणि कडबनवाडीच्या माळावर गवताळ सफारी सुरू केली, ऑनलाइन बुकिंग ठेवलं आणि गाईड म्हणून तिथलीच पोरं घेतली. त्यातल्या एकाशी याची दोस्ती. एप्रिल-मेच्या गर्दीत हाही बदलीवर उभा राहतो.

पर्यटकाच्याच गाडीत पुढच्या सीटवर बसायचं, गळ्यात दुर्बीण, डोक्याला टॉवेल. मागून कोथरूडचे काका विचारतात, "लांडगा किती वाजता?" दुसरा कुणी म्हणेल, जंगलाचं काय सांगावं. हा घड्याळ बघतो. "सव्वासहाचा आहे. आज थोडा लेट चाललाय." जन्मापासून अनाउन्समेंट ऐकत आलेलं पोर. गाडी उशिरा आली तर त्याची हरकत नसते, फक्त ते वेळेवर जाहीर व्हावं. चिंकारा समोरून गेला की 'अप', परतला की 'डाऊन'. टँकरने भरलेला पाणवठा म्हणजे जंक्शन, सगळ्यांना थांबा. खोकड बिळापाशी येऊन आल्या वाटेने माघारी फिरलं की हा पुटपुटतो, "इंजिन बदललं." पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं तोंड दौंडला उलटं व्हायचं, ते पाहिलेली माणसंच यावर हसतात. कॉर्ड लाइन झाल्यापासून तीही कमी होत चाललीत.

पण पोरगा कामाला चोख. लेंड्यांच्या ढिगापाशी गाडी थांबवून सांगणार, "हा चिंकाऱ्याचा सातबारा. पुन्हा पुन्हा इथेच येऊन सही करतो." काळविटाच्या मादीला शिंगं नसतात, चिंकाऱ्याच्या मादीला मात्र असतात, बारीक, एवढं सांगून मागच्या काकूंकडे न बघण्याची समजही त्याला आहे. चिंकारा बिचकला की शिंकल्यासारखा आवाज काढतो आणि खूर आपटतो. हा ते साभिनय करून दाखवतो. एका आजींनी लगेच पर्समधून विक्स काढून दिलं.

"इथे नुसता माळच तर आहे," असं कुणी म्हटलं की मात्र पेटतो. सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक, आणि पडीक दिसलं की कुणाला तरी झाडं लावायची हुक्की येते. ग्लिरिसिडिया लावून गवत मारलं, तर माळावरच्या जीवांनी जायचं कुठे? मला हे अगदी पटतं. पण काच खाली करून भर उन्हात ऐकवू नये.

शिरूरला आमच्याकडे आला की त्याची पंचाईत होते. आमच्या गावाला रेल्वेच नाही. यंदा जेवताना म्हणाला, "मामा, आमच्याकडे लांडग्याला बुकिंग लागतं. तुमच्याकडे बिबट्या विदाउट तिकीट!"

मामी भाकरी थापत होती. "मग रात्री लाइट आली की उसाला दारं धरायला तूच जा. गळ्यात ती दुर्बीण घालून जा."

बिबट्याने या तालुक्यात माणसं मारली आहेत. पोर ओशाळलं. रात्री बॅटरी घेऊन माझ्याबरोबर आलं, आणि बांधावर उभं राहून एकही अनाउन्समेंट केली नाही.

सीझनच्या शेवटी आमच्या दाजींना सुट्टी मिळाली. ते पॉइंट्समन. पोराने भरतीचा फॉर्म भरायचा सोडून रानकुत्र्यांमागे फिरावं, हे त्यांना मुळीच मंजूर नव्हतं. तरी आले, सफारीचे रीतसर पैसे भरून बसले. धूळ उडवत मेंढ्यांचा कळप पुढे गेला, आणि मागून, मेंढपाळाच्या कुत्र्यापासून अंतर राखत, लांडगा निघाला. भाच्याचा श्वास अडकला. दाजींनी मनगट वर केलं.

"किती वाजताचा म्हणाला होतास?"

"सव्वासहा."

"सहाला पाच कमी आहेत. वीस मिनिटं बिफोर," दाजी म्हणाले. "आउटरला थांबवायला पाहिजे होता."