नोव्हाने मेलो, हे सांगायचं कसं?

काउंटर-स्ट्राइकमध्ये मरण्याचं दुःख कुणालाच नसतं. कशाने मेलो, याचं असतं.

एडब्ल्यूपीने, म्हणजे पोरांच्या भाषेत ‘ऑप’ने उडालात, तर समोरचा भारी. एके-४७ ने गेलात, तर नशीब फुटकं. आणि कोपऱ्यात दबा धरून बसलेल्या कुणी नोव्हा नावाच्या शॉटगनने उडवलं, तर? तर समोरचा ‘नूब’, गेम भंगार आणि घरचं वायफाय स्लो.

मेलेल्याने मारणाऱ्याला नवशिक्या म्हणायचं, ही सोय फक्त याच खेळात आहे. (निवडणुकीतही आहे म्हणा.)

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी दोन ओळी. पाच विरुद्ध पाच. प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला खिशातल्या पैशांतून बंदूक घ्यायची. एके २७०० डॉलर, ऑप ४७५० डॉलर, नोव्हा १०५०. डॉलर खेळातले आहेत, त्यामुळे रुपया कितीही घसरला तरी भाव तेच.

भाव सगळ्यांना पाठ असतात. पण एक माणूस मारल्यावर कुठल्या बंदुकीला किती बक्षीस मिळतं, हे विचारा. एकेने मारलात, तर ३००. ऑपने मारलात, तर १००. आणि नोव्हाने? ९००.

आता हिशेब करा. ऑपवाल्याने सत्तेचाळीस जण लोळवले, तरी बंदुकीचे पैसे फिटायला पन्नास डॉलर कमीच पडतात. समोर असतात पाच. नोव्हावाल्याने दोघांना आडवं केलं, की बंदूक फुकट आणि वर ७५० डॉलर शिल्लक.

म्हणजे खेळ बनवणारी कंपनी वर्षानुवर्षं सांगते आहे की बाबांनो, ही घ्या, आम्ही तिप्पट पैसे देतो. गिऱ्हाईक म्हणतं, नको, मला कर्ज काढून ऑपच हवी.

कारण काय? कारण ऑपचा व्हिडिओ होतो. एकेच्या रंगीत ‘स्किन’वर पोरं पहिला पगार उडवतात. नोव्हाची स्किन कुणाला दाखवणार? जो पाहील, तो पुढच्या क्षणी मेलेला असतो.

बरं, नोव्हा खरोखर चांगली आहे का? नाही.

लांबून नोव्हा म्हणजे दिवाळीतली टिकली. समोरचा हसतो आणि एक गोळी घालून मोकळा होतो. तिचं राज्य चार पावलांचं. दाराआड, धुराच्या पडद्यात, जिन्याच्या वळणावर. हजारो तास खेळलेला माणूस कोपऱ्यावरून वळताना बंदूक कुठे रोखतो? जिथे रायफलवाला उभा असायला हवा, तिथे. ही त्याच्या हाताची सवय आहे, डोक्याला तो विचारतच नाही. तुम्ही असता त्याच्या नाकासमोर.

खेळी इतकीच. बंदूक सुमार, पण समोरच्याचा अंदाज त्याहून सुमार.

आणि ही खेळी दोनदा चालते. तिसऱ्यांदा त्याच कोपऱ्यात आधी मोलोटोव्ह, म्हणजे पेटता बॉम्ब, येऊन पडतो. ‘अंडररेटेड’ गनचं रहस्य उलगडून सांगणारे महाभाग हा तिसरा राउंड व्हिडिओत ठेवत नाहीत.

व्यावसायिक खेळाडू मात्र स्वस्त बंदुकीचं मोठं बक्षीस गाजावाजा न करता वसूल करतात. पहिला पिस्तूल-राउंड जिंकला, की समोरच्याकडे पुढच्या राउंडला पैसे नसतात. तो येणार पिस्तूल घेऊन, बिनहेल्मेटचा. अशा वेळी शहाणा संघ एके घेत नाही. मॅक-१० किंवा एमपी-९ अशी सबमशीनगन घेतो. स्वस्त, आणि प्रत्येक बळीमागे ६००. गल्लीतला वीर तेव्हा पूर्ण पैसे मोजून रायफल घेतो. भिकाऱ्याला लुटायला तोफ घेऊन जाणारा याच्याशिवाय दुसरा कोण?

स्काउटची गोष्ट थोडी वेगळी. १७०० डॉलरची ही हलकी स्नायपर हेल्मेटवाल्याचंही डोकं एका गोळीत उडवते. उडी मारून, उडीच्या अगदी टोकाला चाप ओढला, तरी नेम बिघडत नाही. फक्त डोक्यावर लागायला हवी. तिथेच बहुतेकांचं अडतं आणि मग ते गन बदलतात.

आता खरा तमाशा पाहा. क्रीगचा.

दोन हजारच्या दशकात पुण्या-ठाण्याच्या सायबर कॅफेंत ज्यांनी काउंटर-स्ट्राइक १.६ खेळलं, त्यांना आठवत असेल. दुर्बीण लावलेली रायफल घेणं म्हणजे अब्रू घालवणं. क्रीग घेतली की नूब, ऑग घेतली की नूब. ऑटो-स्नायपर घेतली, तर शेजारच्या पीसीवरून थेट मातोश्रींची चौकशी व्हायची. मर्दाने एके घ्यायची, नाहीतर ऑप. तासाचे पैसे बापाचे, पण तत्त्व म्हणजे तत्त्व!

कॅफे बंद पडले. तत्त्व राहिलं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह आला. त्यात ऑग होती, क्रीगची धाकटी पाती एसजी ५५३ सुद्धा होती. पोरं तिला क्रीगच म्हणत राहिली आणि वर्षानुवर्षं तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती.

मग २०१८ मध्ये कंपनीने ऑगची किंमत ३३०० वरून ३१५० केली. सूट किती? दीडशे डॉलर. तेवढ्याने जगाचे डोळे उघडले. अ‍ॅस्ट्रालिस हा तेव्हाचा अव्वल डॅनिश संघ ऑग घेऊन उतरू लागला. २०१९ च्या मार्चमध्ये कातोवित्सेची मेजर स्पर्धा त्यांनी जिंकली, तेव्हा ऑग जिकडेतिकडे होती.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं, अरे, पलीकडच्या संघाच्या दुकानात क्रीगही आहे की! चिलखत तिला अडवत नाही. हेल्मेटसकट डोकं एका गोळीत. वर दुर्बीण. किंमत २७५०, एकेपेक्षा फक्त पन्नास डॉलर जास्त. जिला हात लावला तर जात बाटायची, ती वर्षभरात प्रत्येकाच्या खांद्यावर.

आणि मग लोक काय म्हणाले? ‘ही गन अन्यायकारक आहे, काढून टाका!’

अहो, इतकी वर्षं कुठे होतात?

ऑक्टोबर २०१९ मध्ये क्रीगची किंमत ३००० झाली. गर्दी हटेना. एप्रिल २०२० मध्ये तिचा गोळीबाराचा वेग कमी केला. मग हटली. पडीक होती तेव्हा चेष्टा. चालू लागली, तर तक्रार. आमच्याकडे यालाच समीक्षा म्हणतात.

उलटा नमुनाही आहे. डिसेंबर २०१५ मध्ये आर-८ नावाचं रिव्हॉल्व्हर आलं. छातीवर लागलं तरी माणूस खलास, इतकं दणकट. अर्थात पहिल्याच दिवशी सगळ्या जगाला कळलं. दोन दिवसांत त्याचे दात काढले. क्रीगला जे सुख अनेक वर्षं मिळालं, ते याला एक वीकेंडही मिळालं नाही. दुर्लक्षासारखं चिलखत नाही, हे रिव्हॉल्व्हरला कोण सांगणार?

मोबाइलवाल्यांनी इथे हसू नये. बीजीएमआयमध्ये विमानातून उडी मारलेला प्रत्येक जण एम४१६ शोधत पळतो. क्रॉसबो जमिनीवर लोळत असतो, आवाज न करता डोकं फोडतो, तरी त्याला ओलांडून जातात. आणि फ्राइंग पॅन? तो नुसता पाठीमागे लटकवला, तरी गोळ्या अडवतो. काहीही न करता मागे उभं राहून जीव वाचवणारं हे एकमेव शस्त्र. सरकारी खात्यात असता, तर एव्हाना सचिव झाला असता.

पण खरा शत्रू समोरच्या संघात नसतोच. तो तुमच्याच संघात, कॅमेरा लावून बसलेला असतो. याला रविवारी दुपारी एक पडीक गन सापडते. चार सामने जिंकतो. पाचव्याआधी तोंड वासलेला फोटो, लाल बाण आणि मथळा: ‘ही गन कुणालाच माहीत नाही!’ संध्याकाळपर्यंत ती लाखभर लोकांना माहीत असते. सोमवारी त्याला तीच गन मारते.

मग तो पुढचा व्हिडिओ करतो: ‘ही गन बॅन करा.’ दोन्हींचे पैसे मिळतात.

२०२३ पासून काउंटर-स्ट्राइक २ आहे. यात नवीन गंमत अशी की रायफलींच्या रांगेत फक्त पाच जागा असतात. कुठल्या पाच न्यायच्या, हे सामन्याआधीच ठरवायचं. म्हणजे पूर्वी नकोशी गन निदान दुकानात तरी दिसायची. आता ती घरीच राहते.

क्रीग अजून आहे, ३००० डॉलरलाच. वेग तेवढा कमी झालाय. दुर्बीण जागेवर आहे, आणि हेल्मेटवाला अजूनही एकाच गोळीत जातो. कोण घेतंय?