मोरिवली, 4 इंच

पातेकरांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नाही. उजव्यावर अस्वलाला लाजवतील इतके आहेत. नवा माणूस आधी हळहळतो, त्याला भाजल्याबिजल्याची शंका येते. मग कोणीतरी सांगतं, की हा आजार नव्हे, ही धारेची परीक्षा. पातं दगडावर घासलं की डाव्या हातावरून फिरवायचं. केस उडाले तर धार लागली, ओढले गेले तर पुन्हा दगड. हल्ली हात संपल्यामुळे ते पोटरीवर आलेत, आणि वहिनी त्यांना हाफ पँटीत खाली सोडत नाहीत.

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. आमच्या रविवारच्या डोंगरवाल्या टोळक्याने पात्यावरून पातेकर केलं आणि आता सिलिंडरवालासुद्धा त्याच नावाने हाक मारतो. अंबरनाथच्या मोरिवली एमआयडीसीतल्या एका लहानशा टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. टूलरूमचा माणूस ओळखायला सोपा. लग्नाच्या पंगतीत बसला की तो आधी टेबल हलवून बघतो आणि मग कोणत्या पायाखाली कागद घालायचा ते सांगतो. स्वतःच्या सुनेची पहिली चपाती हातात घेऊन पातेकर कौतुकाने म्हणाले होते, "कडेला अर्धा मिलिमीटर आउट आहे, बाकी जॉब चांगला." सून इंजिनिअर निघाली म्हणून निभावलं.

निवृत्त झाल्यावर माणसं ज्ञानेश्वरी उघडतात, शुगर तपासतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून भांडतात. पातेकरांनी तिन्ही करून पाहिलं. मग भाचा स्वीडनहून येताना एक मोराचा चाकू घेऊन आला आणि आमचे रविवार पालटले.

मोरा म्हटल्यावर आम्हाला भाऊच्या धक्क्यावरून उरणला जाणारी लाँच आठवली. पातेकरांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. मोरा हे स्वीडनमधलं गाव. 1891 पासून तिथे हे चाकू होतात. सुतारापासून शाळेतल्या पोरापर्यंत सगळे वापरतात. पातं साधारण 4 इंच, जाडी अडीच मिलिमीटर. आणि मुख्य म्हणजे मिटत नाही. मिटणाऱ्या चाकूवर पातेकरांचा अजिबात विश्वास नाही. "जिथे पिन आहे तिथे प्ले आहे," हे ते ज्या सुरात म्हणतात त्या सुरात आपल्याकडे आत्मा अमर आहे असं सांगतात.

"तिकडे मोरा, तर इकडे मोरिवली," ते म्हणाले. नाव आधी ठरलं, चाकू नंतर झाला.

पोलाद घेतलं ते ईएन 31. बेअरिंगचं. एक टक्क्याच्या आसपास कार्बन, थोडं क्रोमियम. एका ओळखीच्या वर्कशॉपच्या भंगारातून पट्टी आली आणि महिनाभर गॅलरीत कानशीचा आवाज. मुठीला आजोबांच्या शिसवी पलंगाच्या पायाचा तुकडा. पलंग आता एका बाजूला विटेवर आहे. विठ्ठल विटेवर उभा आहेच की, असं वहिनींना सांगण्यात आलं.

मग पाणी देण्याचा दिवस उजाडला. इथे जे झालं त्याचा दोष आजतागायत माझ्या नावावर आहे, म्हणून नीट सांगतो. तापलेलं पोलाद एकदम थंड करून कडक करायचं, याला मराठीत 'पाणी देणं' म्हणतात; मग थंड करायला पाणी वापरा नाहीतर तेल. ईएन 31 ला तेल लागतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पातेकरांनी पातं शेगडीत लालबुंद केलं, लोहचुंबक लावून पाहिलं. साधारण 770 अंशांच्या वर लोखंड चुंबकाला ओळख देत नाही, तसं यानेही दिली नाही. आणखी थोडं तापवून ते मान न वळवता माझ्यावर ओरडले, "चला, पाणी!" मी बाथरूममधली बादली त्यांच्या हाताखाली सरकवली. तेलाचा डबा पलीकडे होता. फस्स झालं, आणि मागोमाग एक बारीक 'टिंग'. चहाच्या बशीला चरा जातो तसा आवाज. टाचेपासून टोकापर्यंत केसाएवढी चीर. पातेकर त्या चिरेकडे बघत म्हणाले, "सरळ गेलीय मात्र." टूलरूमचा माणूस.

दुसऱ्या पात्याला घरातलं शेंगदाणा तेल वापरलं. रात्री वारा फिरला की आमच्याकडे नाकाला जो वास येतो तो केमिकलचा, त्याची सवय आहे. पण त्या संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगला भज्यांचा वास सुटला आणि दोन मजल्यांवरून पोरं बशा घेऊन आली. त्यांना पातं दाखवण्यात आलं. नंतर तेच पातं वहिनींच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन तास, म्हणजे कडकपणातला ठिसूळपणा जातो. नानकटाईचाही जातो का, हे वहिनींनी विचारलं.

तेव्हापासून पातेकर जगाकडे फक्त धारेच्या बाजूने बघतात. अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं. लोक तिथे हात जोडतात, फोटो काढतात. पातेकर भिंतीला नाक लावून छिन्नीच्या खुणा शोधतात. "हा काळा पत्थर," ते म्हणतात, "छिन्नी दिवसात कितीदा बोथट झाली असेल? पाणी देणारा लोहार इथेच कुठेतरी बसला असणार. वालधुनी शेजारी होतीच." मला हे पटतं. मूर्तींवर पुस्तकं निघतात, लोहाराचं नाव कोणी घेत नाही. पण हे सगळं ते प्रदक्षिणेच्या वाटेत उभे राहून सांगतात आणि मागे रांग लागते.

चाकू झाला, आता चाचणी. पातेकरांनी लांब वही घातली, समास आखले. टोमॅटो, कागद, कांदा, लाकूड फोडणं, कुरळे पाडणं, ठिणगी काढणं, कारवीची खुंटी टोकदार करणं, नायलॉनची दोरी, अशा एकूण अकरा कसोट्या. प्रत्येकीला दहापैकी गुण. वहिनींनी सुचवलं, "अहो, मग हा दुधी घ्या की. बारावी." पातेकर म्हणाले, "दुधीने धार जाते." "आणि लाकडाने?" याचं उत्तर वहीत नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही चंदेरीला निघालो. अंबरनाथहून बघितलं तर मलंगगड, ताहुली, चंदेरी ही सगळी रांग घरच्या भिंतीसारखी उभी असते. पण भिंतीवर चढायचं तर कर्जत लोकल पकडून वांगणीला उतरावं लागतं. एका स्टेशनावर हवालदारांनी सॅक उघडायला लावली. डब्यात खाली पोळ्या, वर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मोरिवली. पातेकर तयारीत होते. "9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यालाच परवाना लागतो. हे 4 आहे." खिशातून स्टीलची पट्टीही काढली. हवालदार म्हणाले, "मनाई आदेश लागू असले की पट्टी कोण बघतं, काका? कशासाठी नेताय?"

"चाचणीसाठी."

"कोणावर?"

शेवटी मी भेळेचं सामान दाखवलं. हवालदारांनी चाकू उलटासुलटा केला, खिशातला पेरू काढून चार फोडी केल्या, एक स्वतः खाल्ली, एक पातेकरांना दिली आणि "गुंडाळून तळाला ठेवा, डोंगरापर्यंत बाहेर काढू नका" म्हणाले. पातेकर गाडीत बसेपर्यंत अस्वस्थ. पेरूला वहीत रकाना नव्हता.

पायथ्याच्या चिंचवलीच्या पुढे चढ सुरू झाला आणि पातेकर मागे पडू लागले. नेहमी पुढे असणारा माणूस. चौकशी केली तेव्हा कळलं, की त्यांच्या सॅकमध्ये सव्वादोन किलोचं बाभळीचं लाकूड आहे. वखारीतून वजन करून घेतलेलं. चाकूच्या पाठीवर ठोकून लाकूड फुटतं का ही चौथी कसोटी. जंगलात झाड तोडणं गुन्हा. म्हणून कायदा पाळणाऱ्या नागरिकाने अंबरनाथहून लाकूड जंगलात आणलेलं. तेवढ्यात वरून डोक्यावर मोळ्या घेतलेल्या तीन बाया उतरत आल्या. पातेकर ओंडका सॅकबाहेर काढून खांदा चोळत होते. पुढची थांबली, ओंडक्याकडे बघितलं, वर डोंगराकडे बघितलं आणि विचारलं, "वरची लाकडं सरली का काय, दादा?"

ओढ्याच्या कोरड्या खडकावर तळ पडला. आमच्यातल्या एका उत्साही मुलाने पोहोचल्या पोहोचल्या कुरमुरे, फरसाण आणि चिंचेची चटणी कालवून टाकली. कांदा तेवढा राहिला होता. तो तिसऱ्या कसोटीसाठी राखून ठेवलेला होता. पातेकरांनी पहिली चकती कापली, उन्हाकडे धरली, आणि व्हर्निअर काढला. "पॉइंट आठ," ते म्हणाले. मी लिहिलं. दुसरी चकती पॉइंट नऊ. त्यांनी कांदा बाजूला ठेवला आणि पातं चामड्याच्या पट्ट्यावर घासायला घेतलं. पंधरा मिनिटं. कुरमुऱ्यांनी मान टाकली.

लाकूड मात्र फुटलं, हे मान्य केलं पाहिजे. दुसऱ्या लाकडाने पाठीवर ठोके घातले आणि बाभळीचे चार सरळ तुकडे झाले. पातं वाकलं नाही, धारेचा टवका उडाला नाही. पातेकरांचा चेहरा नातू झाल्यासारखा. मग त्यातल्या एका तुकड्यावरून पात्याने पातळ कुरळे काढले, कोंबड्याच्या शेपटीसारखी काडी झाली. आता ठिणगी. ठिणगीसाठी त्यांच्याकडे एक काळी कांडी आहे. पात्याची पाठ तिच्यावर खरवडली की ठिणग्या पडतात. पाठीची कड त्यासाठी काटकोनात ठेवलेली. ठिणग्या पडल्या, सुंदर पडल्या. पंचवीस मिनिटं पडत होत्या. बाभूळ पेटेना.

विमको नाक्यावर लहानाचा मोठा झालेला माणूस. 1923 साली स्वीडिश मंडळींनी काढलेल्या विमकोच्या काड्यापेट्या आमच्या गावाने पिढ्यान् पिढ्या देशभर पोहोचवल्या. त्या गावचा गृहस्थ स्वीडनच्या नादाने पुन्हा चकमकीवर आला होता. मी मुकाट्याने खिशातली काडेपेटी पुढे केली. पातेकरांनी ती घेतली, पेटवली, आणि वहीत 'ठिणगी : 7' लिहिलं. मी काही बोललो नाही.

माझ्या बुटाचा सोल याच सुमारास सुटला. पुढून मगरीसारखा तोंड उघडून. दोरीने बांधायचा तर दोरी हवी हातभर. मी म्हटलं, "पातेकर, जरा कापा." ते म्हणाले, "दोरी आठवी आहे. आत्ता सातवी चालू." खुंटीचं टोक चालू होतं. वाटेने एक ठाकर मामा येत होते, कमरेच्या आकडीत कोयता. त्यांनी माझी दोरी दगडावर धरली, टच् केलं, बूट बांधून दिला आणि तंबाखू मळायला बसले. अर्धं मिनिट.

पातेकरांनी वही मिटली. कोयता हातात घेऊन त्यांनी बाक बघितला, वजन तोललं, नखावर धार टेकवली. "ट्रकच्या पाट्याचं पोलाद," ते हळूच म्हणाले. मग मामांना कडकपणाचं माप विचारलं, "रॉकवेल किती?"

"अडीचशे," मामा म्हणाले. "दसऱ्याला घेतला."

मग मामांनी मोरिवली मागून घेतलं. बोटांवर फिरवलं, हसले. "कोयत्याचं पिल्लू हाय." नंतर पाय मांडीवर घेतला, टाचेतला जुना, आत गेलेला काटा दोन वेळा टोक लावून अलगद बाहेर काढला, पातं धोतराला पुसलं आणि "ब्येस हाय" म्हणून परत दिलं. पातेकर बराच वेळ त्या टोकाकडे बघत बसले. मग वहीत अकराच्या खाली स्वतःच्या हाताने रेघ मारून लिहिलं : '12. काटा : 10.' पूर्ण वहीत तेवढेच दहा आहेत.

उतरताना बाभळीचे राहिलेले तीन तुकडे त्यांनी मामांना दिले. मामांनी ते घेतले, नाही म्हटलं तर माणूस दुखावेल अशा चेहऱ्याने. भेळ आम्ही कांद्याशिवाय खाल्ली. भेळ म्हणण्यापेक्षा चिंचेचा भात.

चाकू उत्तम झालाय, यात वाद नाही. पुढच्या रविवारी ताहुलीला जायचं ठरतंय. दोरीपासून पुढच्या कसोट्या बाकी आहेत, आणि पेरूचा रकाना नव्याने आखलाय. कोणाला यायचं असेल तर जरूर या. कांदा घरूनच चिरून आणा.