नियोजनभाऊ आणि जुनापाणीचे दगड

नागपूरच्या प्रत्येक कॉलनीत एक नियोजनभाऊ असतो. त्याचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर सापडतं. वय साठीच्या जरा पलीकडे, नोकरी सरकारी आणि संपलेली, पेन्शन वेळेवर, गुडघे अजून शाबूत. दुसऱ्याच्या घरच्या लग्नात पंगतीच्या टोकाला उभा राहून ‘इकडे वरण येऊ द्या’ म्हणून जो ओरडतो, तो नवरदेवाचा काका असेलच असं नाही. बहुतेक वेळा तो हाच असतो. सकाळी फिरायला निघालेला माणूस भेटला की आपण नमस्कार म्हणतो. नियोजनभाऊ म्हणतो, “मंग, काही ठरलं का?”

ताडोबा, पचमढी, चिखलदरा यांचं त्याला वावडं आहे. तिथे गेटच्या वेळा सरकारने ठरवलेल्या, जेवणाच्या हॉटेलवाल्याने. माणसाने नियोजन करायचं कशाचं? आमच्या नियोजनभाऊंचा मुलगा नोकरीसाठी इंग्लंडात आहे. मागे मुलाकडे गेले असता सुनेने त्यांना स्टोनहेंज दाखवायला नेलं. पाच हजार वर्षांपूर्वीचं बांधकाम, मोठे दगड सरासरी पंचवीस टनांचे, आणि लहान निळसर दगड तर थेट वेल्समधून आणलेले. भाऊंना दगड आवडले, पण व्यवस्थेने ते पार खचले. तिकिटावर वेळ छापलेली. दगडांपासून दोन-अडीच किलोमीटर आधीच गाडी ठेवायची, तिथून त्यांचीच बस नेणार आणि आणणार. भोवती दोरी, दोरीबाहेर पायवाट, चहाला दुकान, हात धुवायला गरम पाणी. “सगळं त्यायनंच करून ठेवलं,” परत आल्यावर भाऊ म्हणाले, “आपन फक्त पाहून राहिलो.” मुलाच्या घरी पंधरा दिवस ते थोडे आजारीच होते म्हणे.

त्यामुळे जुनापाणीचा विषय निघाला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मला समजू शकते. काटोल रोडने दहाएक किलोमीटर गेलं की हे ठिकाण येतं. माळावर तीनशेच्या आसपास शिलावर्तुळं आहेत. गोल मांडलेले काळे दगड, आत माती आणि गोट्यांची भर, खाली लोहयुगातल्या माणसांची दफनं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातलं काम. आणि भेट देणाऱ्यासाठी व्यवस्था म्हणावी तर सरकारी पाटी. चहा नाही, सावली नाही, दोरी तर नाहीच. भाऊंना हवी होती तशी जागा.

लगेच रजिस्टर निघालं. लाल पट्टीचं, जाड पुठ्ठ्याचं, ऑफिसातून निवृत्तीच्या दिवशी सोबत आलेलं. रकाने तीन: बाब, जबाबदार व्यक्ती, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक बाबीपुढे ‘पाठपुरावा चालू’. पहिली बैठक तर्री-पोह्यांवर झाली. विषय एकच, ऋतू. पावसाळ्यात दगडांपेक्षा गवत उंच, म्हणजे आपण दगडावर उभं राहून दगड शोधणार. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला, म्हणजे खालच्या मंडळींत आपली भर पडायची. दिवाळीनंतर हवा बरी, पण लग्नं. डिसेंबरात हुरडा, जानेवारीत नातवंडांच्या परीक्षा. एका वर्षात बावन्न रविवार असतात यावर माझा तोपर्यंत विश्वास होता. भाऊंनी एकेक कारण काढून ते चारावर आणले आणि त्यातल्या तिघांवर लाल फुली मारली.

मग कुणीतरी रोडग्यांचं नाव काढलं. गोवऱ्या पेटवू, रोडगे भाजू, वांग्याचं भरीत करू, दगडं पाहून होतात तवरोक जेवण तयार. वैदर्भीय माणसाला यात गैर काय वाटणार? पण भाऊ उठले आणि घरात जाऊन फाईल घेऊन आले. नागपूर जिल्ह्यातल्या केंद्र संरक्षित स्मारकांच्या यादीत शिलावर्तुळांचीच भरती आहे आणि जुनापाणी त्यातलंच. “कायदा 1958चा, नियम 1959चे,” त्यांनी चष्मा चढवला. “संरक्षित स्मारकात स्वयंपाक करता येत नाही. परवानगीच्या जागेशिवाय खाताही येत नाही. अन्‌ बंदूक चालवता येत नाही.”

बंदुकीचा विचार कुणाच्याही मनात नव्हता. तरी दोघं-तिघं ‘अरे बापरे’ म्हणाले. रोडगे रद्द झाले, वाटेवरचा ढाबा ठरला, आणि बाब क्रमांक सतरापुढे शेरा पडला: ‘भरीत तिखट कमी’.

याच सुमारास त्यांनी एकट्याने पाहणी दौरा केला. स्कूटर, टोपी, मीटरचा टेप. परत आले ते पूर्ण अहवाल घेऊन. गाड्या कुठे लावायच्या, बाभळीची सावली किती वाजता कुठल्या बाजूला पडते, बायकांची सोय कुठे, मोबाइलला रेंज कुठल्या वर्तुळात. वर्तुळं कशी आहेत असं मी विचारलं. त्यांनी क्षणभर विचार केला. “गोल आहेत,” म्हणाले.

निघायची वेळ सहा. लोक उशीर करतात म्हणून भाऊंनी सगळ्यांना साडेपाच सांगितलं होतं. ही त्यांची युक्ती सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे सगळे सातला आले. गाडीत रजिस्टरबरहुकूम सामान चढलं: सतरंज्या, पाण्याचे कॅन, प्रथमोपचार पेटी, दोर, कोयता, टॉर्च (दिवसा), गुळाची ढेप, शिट्टी, आणि सापाच्या भीतीने एक लांब काठी. वहिनी म्हणाल्या, “घर तेवढं राहिलं.”

माळावर पोचल्यावर एका नातवाने जे म्हटलं ते सगळ्यांच्या मनात होतं. “हेच?”

खरं सांगायचं तर पहिल्या पाच मिनिटांत जुनापाणी काहीही दाखवत नाही. झुडपं, शेळ्या, दगड. डोळा सरावला की मग एक वर्तुळ दिसतं, त्याच्या पलीकडे दुसरं, मग दिसतच राहतात. सोबत कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी एका दगडाशी वाकून ओळीने कोरलेले छोटे खळगे दाखवले. या खळग्यांच्या दिशा आकाशातल्या कशाशी जुळतात का, यावर अभ्यासकांनी शोधनिबंध लिहिले आहेत. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1879 मध्ये इथली माहिती प्रसिद्ध केली, 1961-62 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तीन वर्तुळं उकरली. पुढे डॉ. शां. भा. देवांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरीला उत्खननं केली, आणि विदर्भातली ही माणसं मेल्यावर काय काय बरोबर नेत होती ते नीट कळलं.

“काय नेत होती?” भाऊंनी रजिस्टर उघडलं.

मॅडम सांगत गेल्या. काळी-तांबडी मडकी. लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, वाकस, खंजीर. पळ्या. तांब्याची झाकणं, त्यांच्या मुठीवर पक्षी. कार्नेलियनचे मणी. माहुरझरीला तर घोडा पुरलेला सापडला, तोही तोंडावर तांब्याचे दागिने घालून.

मी भाऊंकडे बघत होतो. माझ्या मते, एरवी ज्याला आपण आदिम समाजाची श्रद्धा म्हणतो ती एका विशिष्ट स्वभावाची कामगिरी आहे. मेलेला माणूस काही मागत नसतो. आप्त रडत असतात. अशा वेळी ‘पळी घेतली का?’ हे विचारणारा कोण? दगड किती लागतील, ते ओढायला कुठल्या वस्तीतले किती गडी येतील, घोडा कुणाचा द्यायचा आणि त्याच्या मालकाला कसं पटवायचं, हे कुणीतरी अंगावर घेतलंच असणार. एकाच माळावर पिढ्यान्‌पिढ्या तीनशे वेळा हे जमवायचं म्हणजे वर्गणी आली, आणि वर्गणी आली म्हणजे थकबाकी आली. टोळीप्रमुखाचं नाव कुणाला ठाऊक नाही, याचं मला फारसं वाईट वाटत नाही. या दुसऱ्या गृहस्थाचं कळायला हवं होतं.

भाऊ मात्र यादी पडताळत होते. कुऱ्हाड नाही, पण कोयता आहे. पळी ढाब्यावर मिळेल. मडक्यांऐवजी कॅन. घोड्यापुढे त्यांनी ‘लागू नाही’ लिहिलं. चेहरा समाधानी होता.

“हो, अन्‌ एक राहिलंच,” मॅडम म्हणाल्या. “नखं काढायचं हत्यार. लोखंडाचं. काही दफनांत तेही मिळालंय.”

भाऊंचं पेन थांबलं. त्यांनी वरपासून खालपर्यंत रजिस्टर पाहिलं, पान उलटून मागेही पाहिलं. मग वहिनींकडे वळले. “आपन नेलकटर नाही आनलं?”

“नाही.”

“काहून?”

“अहो, एका सकाळसाठी आलोय ना आपण,” वहिनी म्हणाल्या. “त्यांना परत यायचं नव्हतं.”