प्लगकाका

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाची गाडी तीन किकांत सुरू झाली नाही, की चौथ्या किकेला प्लगकाका सुरू होतात. बनियन, लेंगा, हातात प्लगपाना. "थांब! आणखी मारशील तर फ्लड होईल." तिसऱ्या मजल्यावर बसून नुसत्या आवाजावर त्यांनी अर्धा निकाल दिलेला असतो.

काकांचं खरं शिक्षण चेतकवर झालं. १९७२ साली आलेली ही स्कूटर आधी आडवी करायची आणि मग किक मारायची, हा त्या पिढीचा संस्कारच होता. इग्निशनच्या पॉइंटची फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास हवी. त्यासाठी गेज मिळतो, पण काका लग्नपत्रिकेचा कोपरा फाडून वापरत. नेमका मुहूर्त छापलेला कोपरा. त्या काळात किती लग्नांत अक्षता चुकल्या, याचा हिशेब काकूंकडे अजून आहे.

पुढे सीडीआय आलं, पॉइंट गेले. काही महिने काकांच्या घरी सुतक. "काळ्या डबीत बघायचं काय? तिला ना फट, ना घासायला जागा." तेव्हापासून सगळा जीव प्लगवर. प्लग काढून ते उन्हात धरतात. भाजलेल्या भाकरीचा रंग असेल तर इंजिनाचं पोट ठीक. काळा कोरडा असेल तर पेट्रोल जादा जातंय. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पेटत नाही. (हे बरोबरच असतं, म्हणून तर त्यांना टाळता येत नाही.) मग प्लग टोपीत बसवून हेडला टेकवायचा आणि किक. ठिणगी निळी आणि टचकन वाजणारी हवी. पिवळट, मरतुकडी असली की कॉइलवर संशय. टोपी धरायचं काम बघ्यांपैकी एखाद्या पोराकडे. टोपीचं रबर फाटकं असलं की पोरगं किंचाळतं आणि काका समाधानाने म्हणतात, "करंट आहे."

गेल्या महिन्यात माझ्या मोटरसायकलची बॅटरी रोज बसत होती. दोन गॅरेजवाल्यांनी नवी घ्यायला सांगितली. काकांनी मीटर लावला. गाडी बंद असताना १२.४ व्होल्ट. सुरू करून रेस वाढवली, तरी १२.३.

"चौदाच्या घरात जायला हवं. बॅटरी बिचारी काय करील? तिला वरून पगारच येत नाहीये."

मॅग्नेटच्या वायरी सोडवून मोजल्या, तर तिथे करंट भरपूर. म्हणजे पगार निघतोय, घरी पोचत नाहीये.

"वाटेत पानाची टपरी असते," काकू वरून म्हणाल्या.

काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण टपरी सापडली. रेग्युलेटरकडे जाणाऱ्या वायरींचा कनेक्टर जळून तपकिरी झाला होता, प्लॅस्टिक वितळलेलं. तो कापून वायरी नीट जोडल्या, मीटर १४.२. सगळं मिळून वीस मिनिटं. काकांचा चेहरा पडला. रेग्युलेटर उघड्यावर आला नव्हता, कॉइलची चौकशी व्हायची होती, चहासुद्धा अजून उकळत होता.

"एवढंच?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात भेटले. "झाली का सुरू?"

"हो काका. अर्ध्या किकेत."

"असं?" ते माझ्यामागून पार्किंगपर्यंत आले. मी गाडी चालू केली. काकांनी डोळे मिटले, मान कलती केली. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढला.

"टॅपेट वाजतंय," ते म्हणाले. "बंद कर. पाना आणतो."