ठोका पडला, मगच देव दिसला!

काय दिवस आलेत, बघा! परळच्या कारखान्यातून गणपतीची मूर्ती निघाली, की आगमनाला हजारो हात वर जातात. त्यातले जोडलेले किती? शोधावे लागतात. बाकी सगळ्यांत फोन, आणि तोही उभा. चुकून आडवा धरणारा काका दिसलाच, तर पोरं त्याच्याकडे अशा नजरेने बघतात की बिचाऱ्याने खिशात घालून निमूट आरती म्हणावी.

खरी भानगड रात्री घरी आल्यावर. आई ताट वाढून बसलेली आणि चिरंजीव क्लिपा छाटतायत. धक्काबुक्की उडवली, कुणाच्या तरी खांद्यावरचं पोर उडवलं, स्वतःच्या सख्ख्या मामाचं टक्कलसुद्धा उडवलं! मग गाणं टाइमलाइनवर टाकायचं आणि ढोलाचा ठोका जिथे पडतो तिथे खूण करायची. ठोक्याआधी नुसता झेंडा, पाय, उडणारे कागदाचे तुकडे. ठोका पडला की पडदा सरकतो आणि मुखदर्शन. म्हणजे देवाने कधी प्रकटावं हे आता भटजी नाही, ढोल ठरवतो! कट जरासा मागेपुढे झाला की ‘बीट चुकला’, आणि सारं पहिल्यापासून.

स्लो-मोवाचून तर पान हलत नाही. तिथेही पंक्तिभेद आहे हो. सेकंदाला 60 फ्रेम टिपल्या असतील, तर त्या 30च्या गतीने चालवून वेग निम्मा होतो आणि झेंडा झोकात लहरतो. टिपल्याच 30 आणि वर ताणल्या, तर तो अडखळत फडकतो. मग दोष फोनला, आणि फोनचा दोष बापाच्या पगाराला. पुढे रंग. मूर्तिकाराने जीव ओतून पीतांबराची छटा साधलेली असते. इथे फिल्टरच्या एका फटक्यात ती चिंचेच्या कोळासारखी होते. याला म्हणे ‘सिनेमॅटिक’!

जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा वाटलं, सुटलो. जुलैत इन्स्टाग्रामने रील आणून ठेवलं.

बरं, बोल लावायचा कुणाला? हे खूळ दादरनेच देशाला लावलंय. दादासाहेब फाळक्यांनी 1912मध्ये कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ एकेक फ्रेम टिपत त्याचं झुडूप पडद्यावर झरझर वाढवलं. आजची पोरं त्याला टाइमलॅप्स म्हणतात आणि आपणच शोधल्यासारखं मिरवतात. त्यांच्या दादरच्या बिऱ्हाडात पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात फिल्मच्या कडेला भोकं पाडायच्या. देशातल्या पहिल्या संकलक म्हणून त्यांचंच नाव घेतात. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्यामागे ही जागरणं होती. वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याच गळ्यात! आमच्या चिरंजीवांना एक्सपोर्ट होईतो ताटावरचं झाकण काढवत नाही.

एवढं करून पहाटे रील टाकायला जातात, तर समोरच्या चाळीतल्या पोरीने तोच ठोका, तेच मुख मध्यरात्रीच टाकलेलं. आणि ऐका, कुणाला सांगू नका, ती बया आत्तापासून गुढीपाडव्याच्या गिरगावातल्या शोभायात्रेसाठी नऊवारी आणि बुलेट दोन्ही भाड्याने शोधतेय. चालवता येते का? छे! म्हणते, तेवढं एडिटमध्ये बघू.